नारळ, पदक आणि मोडलेला पाय : राजकारणातील युद्धकथांचा इतिहास

१/
२७ जुलै १८४८. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात इलिनॉयचा एक उंच, किडकिडीत सभासद बोलण्यास उभा राहिला. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. डेमोक्रॅटिक पक्ष आपले उमेदवार लुईस कास यांना १८१२ च्या युद्धातील वीर म्हणून मिरवत होता. डेट्रॉइटच्या शरणागतीच्या वेळी कास यांनी संतापाने स्वतःची तलवार मोडली, ही त्या प्रचारातली लाडकी कथा होती. सभासदाने गंभीर मुद्रेने सांगितले की आपणही युद्धवीरच आहोत. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात आपल्याला लढणारा शत्रू कधी दिसला नाही. पण रानकांद्यांवर आपण चढाई केली आणि डासांशी अनेक रक्तरंजित लढाया दिल्या. या सभासदाचे नाव अब्राहम लिंकन.

२/
या भाषणातली खरी गंमत पुढे आहे. लिंकन ज्यांच्या प्रचारासाठी बोलत होते, ते व्हिग पक्षाचे उमेदवार झॅकरी टेलर स्वतः सेनापती होते. मेक्सिकोच्या युद्धातील कीर्ती हेच त्यांचे मुख्य भांडवल होते. राजकारणाचा अनुभव जवळजवळ शून्य. म्हणजे दुसऱ्याच्या तलवारीची टिंगल चालली होती आणि स्वतःच्या पक्षाची तलवार परजली जात होती. टेलर निवडून आले.

३/
सैन्यातील दिवसांची आठवण राजकारणात इतकी मोलाची का ठरते? धोरणावर वाद घालता येतो, गोळीबारात उभ्या राहिलेल्या माणसाशी वाद घालणे अवघड असते. श्रोता आदराने गप्प होतो. शिवाय त्या प्रसंगाचे साक्षीदार मोजके; काही मेलेले, काही दूरदेशी. त्यामुळे सांगणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता येते. दुसऱ्या महायुद्धात एकाच समुद्राच्या परिसरात, अवघ्या दीड-दोन वर्षांच्या अंतराने, तीन भावी नेत्यांना आपापली कथा मिळाली. तिघांनी ती कशी वापरली, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

४/
पहिली कथा जॉन केनेडी यांची. २ ऑगस्ट १९४३ च्या काळोख्या रात्री सॉलोमन बेटांजवळ 'अमागिरी' या जपानी विनाशिकेने त्यांची 'पीटी-१०९' ही छोटी टॉर्पेडो-बोट चिरडली. बोटीवर १३ जण होते, दोघे मेले. केनेडी यांनी गंभीर भाजलेल्या एका सहकाऱ्याच्या जीवरक्षक जाकिटाचा पट्टा दातांत धरला आणि सुमारे चार तास पोहत त्याला एका निर्जन बेटावर नेले. या धैर्याबद्दल कोणालाही शंका घेता आलेली नाही.

५/
सुटका मात्र दुसऱ्यांच्या हातांनी झाली. बिउकू गासा आणि एरोनी कुमाना या दोन बेटवासीयांना हे खलाशी सापडले. केनेडी यांनी नारळाच्या करवंटीवर निरोप कोरला. दोघांनी तो आपल्या होडीतून शत्रूच्या पाण्यातून दोस्तांच्या तळाकडे नेला. अकराही जण वाचले.

६/
जून १९४४ मध्ये जॉन हर्सी यांनी ही हकिकत 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिली. केनेडी यांच्या श्रीमंत वडिलांच्या खटपटीने तिचा संक्षेप 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये आला आणि १९४६ च्या निवडणुकीत त्याच्या प्रती मतदारांना वाटल्या गेल्या. १९६० पर्यंत 'पीटी-१०९'च्या आकाराची टायपिन समर्थकांच्या छातीवर झळकू लागली. केनेडी स्वतः फारसे बोलत नसत. युद्धवीर कसे झालात, या प्रश्नावर त्यांचे उत्तर ठरलेले असे : माझा नाइलाज होता, त्यांनी माझी बोट बुडवली. विनय हाही सांगण्याचाच एक प्रकार असतो; कारण तोपर्यंत कथा सांगण्याचे काम इतरांनी पुरे केलेले होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ती करवंटी त्यांच्या कार्यालयातील मेजावर असे. भेटीला आलेल्याच्या नजरेतून ती सुटणे कठीण होते.

७/
दुसरी कथा लिंडन जॉन्सन यांची. १९४१ मध्ये सिनेटची निवडणूक लढवताना त्यांनी टेक्ससच्या मतदारांना वचन दिले होते : तुमची मुले युद्धावर पाठवण्यासाठी मत द्यावे लागले, तर मीही त्यांच्याबरोबर खंदकात असेन. ती निवडणूक ते हरले, पण वचन लोकांच्या लक्षात राहिले. पर्ल हार्बरनंतर प्रतिनिधिगृहाचे हे सभासद नौदलाच्या राखीव दलातून सक्रिय सेवेत गेले आणि पाहणीसाठी पॅसिफिकमध्ये पोहोचले.

८/
९ जून १९४२ रोजी न्यू गिनीतील लाए येथील जपानी तळावर बॉम्बफेकी विमाने निघाली. जॉन्सन निरीक्षक म्हणून 'वाबाश कॅननबॉल' या विमानात बसले होते. काही कारणाने ते खाली उतरले. परतले तेव्हा त्यांच्या जागेवर फ्रान्सिस स्टीव्हन्स हे अधिकारी बसले होते. जॉन्सन 'हेकलिंग हेअर' या दुसऱ्या विमानात गेले. 'वाबाश कॅननबॉल' पाडले गेले आणि त्यातील सर्वजण मेले. 'हेकलिंग हेअर' यांत्रिक बिघाडामुळे लक्ष्य न गाठताच परतले. त्यावर जपानी विमानांनी हल्ला केला की ते त्याआधीच मागे वळले, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

९/
या एका उड्डाणासाठी जनरल मॅकआर्थर यांच्याकडून जॉन्सन यांना 'सिल्व्हर स्टार' हे शौर्यपदक मिळाले. विमान प्रत्यक्ष चालवून परत आणणाऱ्या सैनिकांपैकी कोणालाही त्या उड्डाणासाठी पदक मिळाले नाही. आपण या मानास पात्र नाही, असे नम्र नकाराचे पत्र जॉन्सन यांनी टंकलिखित करून घेतले होते. ते कधीच पाठवले गेले नाही. पदकाची छोटी पिन मात्र पुढे आयुष्यभर त्यांच्या कोटावर राहिली.

१०/
या पिनेचे एक वैशिष्ट्य होते. ती असताना तोंडाने काही बोलावे लागत नसे. प्रत्येक हस्तांदोलनात ती समोरच्याला दिसे. तरीही कथेची भूक वाढत गेली. १९६६ मध्ये, व्हिएतनाम युद्ध पेटलेले असताना, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कोरियातील अमेरिकी सैनिकांना सांगितले की आपले खापरपणजोबा अलामोच्या लढाईत धारातीर्थी पडले. तसे काहीही घडलेले नव्हते. ज्यांना आपण मृत्यूच्या तोंडी पाठवतो, त्यांच्यासमोर उभे राहताना एका पिनेचे वजन त्यांना पुरेसे वाटले नसावे.

११/
तिसरी कथा जोसेफ मॅकार्थी यांची. विस्कॉन्सिनमध्ये न्यायाधीश असल्याने त्यांना सक्तीच्या भरतीतून सूट होती. तरी १९४२ मध्ये ते स्वेच्छेने मरीन दलात गेले. इथपर्यंत सारे आदरास पात्र. सॉलोमन बेटांवर त्यांचे मूळ काम वैमानिकांकडून माहिती गोळा करण्याचे होते. डझनभर मोहिमांत ते विमानाच्या मागच्या आसनावर बसले. त्यांपैकी काही इतक्या निर्धोक होत्या की मनसोक्त गोळ्या झाडाव्यात आणि लक्ष्य असावे नारळाची झाडे. 'टेल-गनर जो' हे बिरुद तिथलेच.

१२/
पुढे मोहिमांचा आकडा ३२ वर गेला आणि १९५२ मध्ये त्या आकड्यावर पदकेही मिळाली. पाय मोडल्याची कथा तर दर वेळी बदले. कधी विमान कोसळलेले असे, कधी विमानविरोधी तोफांचा मारा. वास्तविक विषुववृत्त ओलांडताना जहाजावर नवख्यांची जी धमाल थट्टा केली जाते, तिच्यात तो मोडला होता. ॲडमिरल निमिट्झ यांच्या सहीचे एक प्रशस्तिपत्र ते दाखवत. त्याचा मजकूर त्यांनीच लिहून खाली वरिष्ठाच्या नावाने सही केली होती, असे खुद्द त्या वरिष्ठाने नंतर सांगितले. निमिट्झ यांची सही अशा असंख्य पत्रांबरोबर होऊन गेली होती.

१३/
अशा बढाईने कोणाचे काय बिघडते? १९४६ मध्ये मॅकार्थी यांनी रॉबर्ट ला फॉलेट (धाकटे) यांच्यावर ठपका ठेवला की ते सैन्यात गेले नाहीत. पर्ल हार्बरच्या वेळी ला फॉलेट ४६ वर्षांचे होते. ते थोडक्या मतांनी हरले आणि सिनेटचे दार मॅकार्थी यांना उघडले. १९६० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात केनेडी यांच्या बाजूने हेच अस्त्र ह्यूबर्ट हम्फ्री यांच्यावर चालवले गेले. हम्फ्री यांनी भरतीचा प्रयत्न केला होता. वैद्यकीय तपासणीत ते नाकारले गेले होते. केनेडी यांची कथा खरी होती. तरीही ती एका निरपराध माणसाला भित्रा ठरवण्याच्या कामी आली.

१४/
दुसरी हानी अधिक शांतपणे होते. कथेत एकच नायक मावतो. 'हेकलिंग हेअर'चे सैनिक, 'पीटी-१०९'वर मेलेले दोघे, जागेच्या अदलाबदलीत प्राण गमावलेले स्टीव्हन्स कथेच्या कडेला राहतात. गासा आणि कुमाना यांना १९६१ च्या शपथविधीचे निमंत्रण गेले होते. पण ते वॉशिंग्टनला पोहोचू शकले नाहीत. करवंटी पोहोचली होती. आज ती बॉस्टन येथील केनेडी ग्रंथालयात जपलेली आहे.

१५/
आता पुन्हा लिंकन. डिसेंबर १८५९ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदासाठी नाव पुढे येत असताना, त्यांनी प्रचाराच्या उपयोगासाठी स्वतःचा अगदी छोटा परिचय लिहून दिला. त्यात ब्लॅक हॉक युद्ध आहेच. सैनिकी दिवसांची टिंगल करणाऱ्यालाही तो मोह आवरला नाही. मात्र त्यांनी तिथे लढाई किंवा जखम यांतले काहीही नोंदवले नाही. स्वयंसेवकांनी मते देऊन आपल्याला कप्तान निवडले, आणि त्यानंतरच्या कोणत्याही यशाने तितका आनंद दिला नाही, एवढेच लिहिले. त्या ओळीत शौर्याचा दावा नाही. सोबतच्या माणसांनी टाकलेला विश्वास आहे, आणि तो देणारे लोक त्या वेळी इलिनॉयमध्ये हयात होते. खोटे असते तर त्यांनी सांगितले असते.