वऱ्हाडातील पदवीची वाट

बाळापूरसह सारा वऱ्हाड उच्च शिक्षणासाठी दीर्घकाळ नागपूरशी बांधलेला होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ ६ महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थ्यांवर सुरू झाले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड एवढ्या विस्तीर्ण मुलखासाठी हा पट फारच तुटपुंजा होता. त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज उघडले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वाट खरी रुंदावली ती डॉ. पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेमुळे. हे श्रेय निर्विवाद त्यांचेच. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. तेव्हापासून बाळापूरकरांच्या कला, विज्ञान, वाणिज्य शाखांच्या परीक्षा आणि पदव्यांची नोंद अमरावतीच्या दप्तरी होते. शेतकी पदव्या मात्र अकोल्याचे कृषी विद्यापीठ देते.