प्रोजेक्ट निवडताय? आधी लोणावळ्याचा इतिहास वाचा

बायोइंजिनिअरिंग किंवा न्यूरोटेक्नॉलॉजीत एम.टेक.ला प्रवेश मिळाला की लगेच पुढचा प्रश्न येतो: प्रोजेक्ट कोणता घ्यायचा? तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरातलं कोणी सध्या याच पेचात असेल. 'ध्यानाचा मेंदूवर परिणाम' हा विषय हल्ली अनेकांना खुणावतो, कारण मेंदूच्या लहरी टिपणारा ईईजीचा पट्टा आता घरबसल्या मागवता येतो. विषय घ्या जरूर. पण याच विषयावर आपल्या मावळात किती जुनं काम झालंय ते आधी पाहा.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधनाचं नियतकालिकही काढलं. त्यांनी पहिला प्रश्न निवडला तो समाधीचा नव्हता, कुंडलिनीचाही नव्हता. नौली करताना साधक आतड्यात पाणी ओढून घेऊ शकतो. ते पाणी वर चढतं कसं? त्यांनी क्ष-किरण चित्रं काढली, दाबमापक लावला. नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, म्हणून पाणी आत खेचलं जातं, असं त्यातून दिसलं. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. श्रद्धा होतीच, पण प्रश्न असा निवडला की उत्तर दाबमापकाच्या काट्यावर दिसावं.

पुढचं उदाहरण तर थेट तुमच्यासारख्याच एका संशोधक विद्यार्थ्याचं आहे. कोवूर बेहनन हा मूळचा केरळचा, अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होता. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला तो लोणावळ्याला आला, कुवलयानंदांकडे प्राणायाम शिकला आणि परत जाऊन स्वतःवरच मोजमापं घेतली. उज्जायी करताना ऑक्सिजनचा वापर साध्या श्वासापेक्षा 24.5 टक्के जास्त निघाला, भस्त्रिकेत 18.5 टक्के आणि कपालभातीत 12 टक्के. मग त्याने बेरजा, रंगांची नावं सांगणं अशा चाचण्या दिल्या. प्राणायामानंतर डोकं जलद चालायला हवं ना? त्याला उलटं आढळलं, या कामांना वेळ जास्त लागला. 1937 साली आलेल्या पुस्तकात त्याने ते तसंच छापलं. एकाच माणसावरचा प्रयोग, तोही स्वतःवरच, म्हणजे पुरावा म्हणून तो तोकडाच. तरी नावडता निकाल लपवला नाही, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

1957 साली बसूकुमार बागची आणि एम. ए. वेंगर हे दोन संशोधक अमेरिकेहून आठ चॅनेलचं, वाहून नेता येणारं ईईजी यंत्र घेऊन भारतभर फिरले. लोणावळ्यालाही आले. ध्यानात झोप वा गुंगी नसते, पण शरीर मात्र खोल विसावतं, असं त्यांना दिसलं. त्यांचं दुसरं काम डॉक्टर म्हणून मला जास्त आवडतं. 'मी हृदय थांबवतो' असं सांगणाऱ्या साधकांना त्यांनी ईसीजी लावला. मनगटावर नाडी लागेना, स्टेथोस्कोपने ठोके ऐकू येईनात, पण कागदावर ईसीजी व्यवस्थित उमटत होता. श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं आणि नाडी हाताला लागेनाशी होते. (बद्धकोष्ठात कुंथताना थोडंफार हेच होतं, म्हणून हृदयरोग्यांना आम्ही कुंथू नका म्हणतो.) साधक खोटं बोलत नव्हते. बोटांनी नाडी पाहणं हे त्या प्रश्नासाठी चुकीचं साधन होतं.

1960च्या दशकात लोणावळ्यात हवाबंद खड्ड्यात बसलेल्या माणसांवरही अभ्यास झाले. होएनिग या मानसोपचारतज्ज्ञाने 1968 साली छापलेल्या नोंदीत, खड्ड्यात तासन्‌तास बसलेल्या योग्याचा ईईजी साध्या जागेपणीचाच होता. हा प्रयोग घरी चुकूनही करू नका! बंद जागेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याने जीव जाऊ शकतो.

आता तुमच्या पट्ट्याकडे वळू. कपाळावरचे इलेक्ट्रोड मेंदूच्या लहरींबरोबर पापण्यांची उघडझाप आणि कपाळाच्या स्नायूंची हालचालही टिपतात. ध्यानाला बसलेला माणूस डोळे मिटतो, कपाळ सैल सोडतो. नुसते डोळे मिटले तरी अल्फा लहरी वाढतात, हे तर 1930च्या आसपासपासून माहीत आहे. मग तुमच्या आलेखातला फरक ध्यानाचा की मिटलेल्या डोळ्यांचा? डोळे मिटून नुसतं स्वस्थ बसलेला दुसरा गट नसेल, तर दोन वर्षं आणि शिष्यवृत्तीचे पैसे खर्चून तुमच्या हाती पापण्यांचा अभ्यास येईल.

गाइडना भेटाल तेव्हा एवढं विचारा: हा सेन्सर नेमकं काय मोजतो, तुलनेसाठी कोण आहे, आणि फरक काहीच आढळला नाही तर थिसिस स्वीकारला जाईल का? शेवटच्या प्रश्नावर ते गप्प झाले, तर दुसरा विषय शोधलेला बरा. आणि नैतिकता समितीची परवानगी पहिल्या वर्षातच मागा, ती वेळ खाते.

पुण्याहून लोकलने दीडेक तासात लोणावळा येतं. विषयाचा अर्ज भरायच्या आधी 'योगमीमांसे'चे सुरुवातीचे अंक मिळवून चाळा. प्रयोगाची मांडणी आधी वाचा, निष्कर्ष मागाहून.