भाव काढणे (क्रीडा-पैज)

सामना किंवा शर्यत कोण जिंकेल याची शक्यता स्वतः अजमावून ती पैजेच्या भावात मांडणे. बुकीचा भाव ऐकण्याआधी केलेल्या हिशेबालाच अर्थ असतो. भाव एकदा कानावर पडला की अंदाज नकळत त्याच आकड्याभोवती घुटमळतो.

क्रिकेटच्या सट्ट्यात भाव पैशांत बोलतात आणि तो फेव्हरिट संघाचा असतो. ‘80-82’ या भावात फेव्हरिटवर रुपया लावणाऱ्याला (लगाई) संघ जिंकल्यास 80 पैसे सुटतात. विरुद्ध बाजू घेणारा (खाई) 82 पैसे जोखमीत घालून रुपया मिळवू पाहतो. लगाईवाल्याला तोटा न होण्यासाठी फेव्हरिटच्या विजयाची शक्यता 1 ÷ 1.80, म्हणजे 55.56 टक्के हवी. खाईवाल्याला फेव्हरिटच्या पराभवाची 0.82 ÷ 1.82, म्हणजे 45.05 टक्के. बेरीज 100.61. शंभराच्या वरचा हा अंश बुकीच्या पदरात पडतो. घोड्यांच्या शर्यतीत धावणारे जास्त असतात, तिथे ही बेरीज बरीच फुगते.

स्वतःची शक्यता काढण्याची एक सोपी रीत आर्पाद एलो यांच्या गुणांकनाची आहे. ती बुद्धिबळासाठी तयार झाली. फिफानेही 2018 मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय संघांच्या क्रमवारीसाठी तिच्यावर बेतलेली पद्धत घेतली. दोन बाजूंत 100 गुणांचे अंतर असेल तर वरचढ बाजूची शक्यता सुमारे 64 टक्के येते. तिचा रास्त भाव 36 ÷ 64, म्हणजे 56 पैसे. बाजारात 80 मिळत असतील तर लगाईत फायदा दिसतो. 45 असतील तर लगाई सोडून द्यावी. अर्थात नाणेफेक, दव, खेळपट्टी आणि पाऊस या सूत्रात कुठेच नाहीत, आणि खरी मेहनत तिथेच आहे. अंदाज बरा की वाईट, हे दहा-वीस सामन्यांत कळत नाही. ज्यांना 64 टक्के दिले त्यांतले शेकडा 64 च्या आसपास जिंकले का, हे वहीत नोंद ठेवूनच तपासता येते. बहुतेक पंटर (पैज लावणारे) ती ठेवत नाहीत. जिंकलेली पैज तेवढी लक्षात राहते.

मोजणी आणि जुगार यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा बेहड्याची पाने-फळे झटकन मोजून दाखवतो आणि तीच विद्या फाशांसाठी नलाला देतो. युरोपात संभाव्यतेच्या गणिताला पास्काल आणि फर्मा यांच्या 1654 च्या पत्रव्यवहारातून चालना मिळाली. त्याचा विषयही अर्धवट राहिलेल्या डावाची वाटणी हाच होता.

महाराष्ट्रात हे गणित उघडपणे चालते ते रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या मुंबई आणि पुणे येथील शर्यतींत. हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर जादा वजन देऊन सगळ्यांना एका पातळीवर आणायचा प्रयत्न होतो. म्हणून केवळ मागचे निकाल पाहून भाव काढणारा फसतो. वजन, अंतर, जॉकी आणि सकाळच्या सरावाच्या वेळा पाहाव्या लागतात. टोटवर (एकत्र जमवलेल्या पैजेत) तर भाव आधी ठरतच नाही. जमलेल्या रकमेतून कमिशन व कर वजा करून उरलेले विजयी तिकिटांत वाटले जाते.

मुंबई रेसकोर्स परवाना अधिनियम, 1912 नुसार परवाना असलेल्या रेसकोर्सवर पैज घेता येते. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात म्हटले. क्रिकेटला ही सवलत नाही. नांदूरघाटला (ता. केज, जि. बीड) चौकात घेतलेली पैज महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियमाखाली (मूळ 1887) गुन्हा ठरू शकते, हिशेब कितीही अचूक असो. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. रेसकोर्सवरच्या पैजेवर ऑक्टोबर 2023 पासून पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता; 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. शंभराच्या पैजेवर चाळीस रुपये वर कर धरला, तर बरोबरीच्या भावातही तोटा टाळायला घोडा जिंकण्याची शक्यता 50 नव्हे, 70 टक्के असावी लागते.