लघुअनियतकालिके : छपाई व मांडणी

मराठीतील बंडखोर लेखकांनी १९५४ ते १९७५ च्या सुमारास पदरमोड करून काढलेल्या, तारखेचे बंधन न मानणाऱ्या अंकांचे मुद्रित रूप. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांचे ‘शब्द’ (१९५४) ही सुरुवात. पुढे ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ इत्यादी.

यांपैकी बरेच अंक सायक्लोस्टाइलवर निघाले. खिळ्यांच्या छपाईत देवनागरीची जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार धरून शेकडो खिळे लागत, ते जुळवायला जुळारी आणि चित्रासाठी वेगळा ब्लॉक. सायक्लोस्टाइलला मेणकागद, टोकदार लेखणी आणि शाईचा रूळ पुरे. एकाच मेणकागदावर अक्षर आणि रेघ शेजारी उमटत. ओळ तिरकी गेली तरी अडवायला कोणी नसे. प्रती वाढल्या की मेणकागद फाटे, अक्षरे शाईने भरत. या ओबडधोबड छपाईलाही अर्थ होता. १९६९ मध्ये याच बंडखोरांतले राजा ढाले आणि सहकाऱ्यांनी ‘सत्यकथा’ या प्रस्थापित वाङ्मयीन मासिकाचा अंक जाळला. ज्या मौज छापखान्यात ‘सत्यकथा’ निघे, त्याचे निर्दोष मुद्रण मराठीत वाखाणले जाई. ढाल्यांचा ‘सत्यकथे’वरचा लेखी हल्ला मात्र सायक्लोस्टाइल केलेला होता.

रशियन भविष्यवादी क्रुचोनिख आणि ख्लेब्निकोव यांनीही १९१२ पासून हाताने लिहिलेली, शिळाछापाची पुस्तके काढली. कवीचे हस्ताक्षर हा कवितेचाच भाग, अशी त्यांची भूमिका होती. मराठी लघुअनियतकालिकांकडे मात्र आधी पैसे नव्हते, भूमिका मागून आली. हा फरक विसरून दोन्हींना एकाच मापाने मोजू नये.

पुढची पायरी जाहिरातक्षेत्राने दिली. कोलटकर व्यवसायाने जाहिरातसंस्थेतले कलादिग्दर्शक. ‘क्लिअरिंग हाऊस’ या कवींच्या प्रकाशनाची मुखपृष्ठे त्यांनी केली. तेथूनच आलेल्या त्यांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितासंग्रहात (१९७६) कोंबड्यांच्या उड्या दाखवायला शब्दच पानभर वरखाली विखुरले आहेत. मराठीत अक्षरालाच चित्र मानणारी मूर्तकविता र. कृ. जोशी यांनी केली. तेही जाहिरातीतून आलेले. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच.

‘असो’ काढणारे अशोक शहाणे पुढे ‘प्रास प्रकाशना’त नेमके उलट्या टोकाला गेले. एकेका अक्षराची आणि मोकळ्या जागेची राखण करणारी छपाई ही त्यांची ओळख झाली. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) आणि ‘भिजकी वही’ (२००३) ही पुस्तके ‘प्रास’चीच.