घशाखालीं उतरेल तेंच औषध

औषधांच्या इतिहासावरील ग्रंथ बहुधा शोधांचा इतिहास सांगतात. कोणतें द्रव्य कोणीं शोधलें, कोणत्या सालीं शोधलें, त्याबद्दल त्यास कोणता मान मिळाला, हें त्यांत सविस्तर असतें. परंतु शोधलेलें औषध रोग्याच्या घशाखालीं कसें उतरलें, ही कथा सहसा कोणी सांगत नाहीं. आजच्या भाषणासाठीं तीच कथा मीं निवडली आहे, आणि तसें करण्यास कारणही आहे. वजन उतरविण्यासाठीं जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेलीं माणसें आतां आपल्या ओळखीच्या घरांतूनही दिसूं लागलीं आहेत. त्यांना शस्त्रक्रियेनंतर जन्मभर जीवनसत्त्वें व क्षार पोटांत घ्यावे लागतात. शस्त्रक्रियेला न भ्यालेलीं हीं माणसें पुष्कळदां एका गोळीपुढें हात टेकतात. त्यांना व त्यांच्या घरच्या मंडळींना हा इतिहास उपयोगी पडावा.

आरंभ समुद्रावरून करूं. लांबच्या प्रवासांत खलाशांच्या हिरड्या सुजत, भरलेल्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसें पटापट मरत. या रोगास स्कर्व्ही म्हणतात. १७४७ सालीं जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारांतील शस्त्रवैद्यानें ‘सॅलिसबरी’ जहाजावर बारा रोगी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या, आणि प्रत्येक जोडीस निराळा उपाय दिला. ज्या जोडीला संत्रीं व लिंबें मिळालीं, तिच्यांतील एकजण सहा दिवसांत कामावर जाण्याजोगा झाला. तरीही आरमारांत लिंबाचा रस सर्रास देण्याचें ठरण्यास १७९५ साल उजाडावें लागलें.

दरम्यान कॅप्टन कुक १७६८ सालीं ‘एन्डेव्हर’ जहाज घेऊन निघाला. त्याच्याजवळ आंबविलेल्या कोबीचीं पिंपें होतीं. खलाशांना तो आंबूस प्रकार मुळींच रुचेना. कुकनें याबाबत सक्ती केली नाहीं. ही कोबी रोज अधिकाऱ्यांच्या मेजावर वाढली जावी, खलाशांनीं हवी तर घ्यावी, नको तर सोडावी, असें त्यानें ठरविलें. आठवडा संपतो न संपतो तों मागणी इतकी वाढली कीं, प्रत्येकाचा वांटा ठरवून द्यावा लागला. लिंडनें उपाय शोधला. उपाय माणसाच्या गळीं कसा उतरवावा, हें कुकनें ओळखलें. या दोन निरनिराळ्या विद्या आहेत.

आतां जठराकडे वळूं. १८८१ सालीं दोन गोष्टी घडल्या. व्हिएन्ना येथें बिलरोथ या शस्त्रवैद्यानें कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या जठराचा भाग कापून काढला, आणि ती त्या शस्त्रक्रियेंतून वांचली. त्याच सालीं वेर्निके या जर्मन वैद्यानें मेंदूच्या एका भयंकर विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. डोळे नीट हलेनात, तोल जाई, बुद्धि भ्रमे. त्याच्या तीन रोग्यांपैकीं दोघे मद्यपी होते. तिसरी मात्र एक तरुण शिवणकाम करणारी मुलगी होती. तिनें गंधकाम्ल प्यालें होतें, त्यामुळें जठराचें द्वार आकसलें आणि तिला सारखी वांति होऊं लागली. पोटांत कांहीं न टिकल्यानें ब-१ हें जीवनसत्त्व संपतें व त्यामुळें हा विकार होतो, ही गोष्ट पुढें उमगली. आजही जठराच्या शस्त्रक्रियेनंतर वांति थांबेनाशी झाली, तर डॉक्टर याच विकाराला भितात.

दुसरी कथा पांडुरोगाच्या एका घातक प्रकाराची. रक्त दिवसेंदिवस पातळ होई आणि रोगी हटकून मरे. १९२६ सालीं बॉस्टन येथील मिनो व मर्फी यांनीं पंचेचाळीस रोगी यकृत खाऊन सुधारल्याचें प्रसिद्ध केलें. जगानें सुटकेचा निःश्वास टाकला. रोग्यांनीं मात्र नाकें मुरडलीं. कारण रोज पाव ते अर्धा पौंड यकृत, तेंही अगदीं थोडें शिजविलेलें, खावयाचें होतें. तें पुढें असलें म्हणजे जीव वांचे, आणि पुढें आलें म्हणजे ओकारी येई! म्हणून यकृताचा अर्क काढण्याचे प्रयत्न सुरू झाले, आणि पुढें तो टोंचून देण्याची सोय झाली. १९३४ सालीं मिनो, मर्फी आणि व्हिपल यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याच शहरांत कॅसल नांवाच्या तरुण डॉक्टरला निराळाच प्रश्न पडला. निरोग्याला हा आजार कां होत नाहीं? त्यानें स्वतः मांस खाल्लें, तासाभरानें तें पोटांतून परत काढलें, आणि नळीनें रोग्याच्या पोटांत सोडलें. रोग्याचें रक्त सुधारूं लागलें. तेंच मांस रोग्याला नुसतें खावयास दिलें असतां कांहींच गुण येईना. यावरून निष्कर्ष निघाला कीं, निरोगी जठर एक विशिष्ट द्रव्य निर्माण करतें, आणि त्याच्या साह्यावांचून अन्नांतील सत्त्व रक्तांत शिरत नाहीं. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर काय घडतें, तें समजण्याची किल्ली या प्रयोगांत आहे.

या इतिहासांत आपल्या मुंबईचाही वांटा आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर येथें आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणीं होणाऱ्या पांडुरोगाचा तिनें अभ्यास केला. यकृताचा अर्क महाग. म्हणून तिनें यीस्टपासून केलेला मार्माइट नांवाचा स्वस्त पदार्थ देऊन पाहिला, आणि रोगी बरे झाले. त्यांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४५ सालीं तें कृत्रिम रीतीनें तयार करणाऱ्या अमेरिकेंतील संशोधकांचे प्रमुख आपले आंध्रांतील यल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. पण येथें एक धोका आहे. यकृतांतील खरें सत्त्व निराळें होतें. तें ब-१२ होय. तें १९४८ सालीं अमेरिकेंत व इंग्लंडांत लाल स्फटिकांच्या रूपानें हातीं आलें. ब-१२ चा अभाव असतां नुसतें फॉलिक आम्ल दिलें, तर रक्त सुधारल्यासारखें दिसतें, परंतु मज्जातंतूंचा नाश चालूच राहतो.

आतां वजनाची शस्त्रक्रिया. १९५४ सालीं अमेरिकेंत आंतड्याचा मोठा भाग वगळण्याची रीत पुढें आली. तिनें वजन उतरे, पण यकृत बिघडे, मूत्रखडे होत, म्हणून ती मागें पडली. १९६६ सालीं आयोवा येथें मेसन व इतो यांनीं जठराचा लहानसा कोश ठेवून अन्नाची वाट पुढच्या आंतड्याकडे वळविली. व्रणासाठीं जठर कापलेल्या स्त्रिया पुढें कृशच राहतात, या निरीक्षणांतून ती कल्पना निघाली होती. आजकाल जठर कापून त्याची अरुंद नळी करण्याची पद्धतही फार प्रचारांत आहे. दोहोंतही जठरांतील आम्ल व कॅसलचें तें द्रव्य कमी पडतें. पहिल्या पद्धतींत शिवाय, लोह व कॅल्शियम ज्या भागांत मुख्यतः शोषिलें जातें, तो आंतड्याचा आरंभींचा भागच वगळला जातो. म्हणजे उत्तम जेवूनही उपवास घडतो.

माझ्या नात्यांतील एका बाईंची अशी शस्त्रक्रिया झाली. वजन उतरलें, मधुमेह आटोक्यांत आला, घरांत आनंद झाला. पण त्यांना दिलेली मोठी गोळी त्यांना सोसेना; मळमळ होई आणि लोखंडाची चव दिवसभर तोंडांत राही. “गोळी पचते का?” असें त्यांना कोणीं विचारलें नाहीं. सहा महिन्यांत गोळ्या कपाटांत गेल्या. यकृतांत ब-१२ चा साठा असतो, म्हणून बरेच दिवस कांहीं जाणवलें नाहीं. दोन वर्षांनीं पायांना मुंग्या येऊं लागल्या. जिना उतरतांना पाऊल कोठें पडतें तें कळेना. रक्ततपासणी वेळीं झाली म्हणून त्या आज चालत आहेत. हे मज्जातंतू फार दिवस उपाशी राहिले, तर मागाहून सुधारतीलच असें नाहीं.

त्यांच्यासाठीं पुढें जो मार्ग निघाला, त्याचें तत्त्व सर्वांनाच लागू पडण्यासारखें आहे. गोळी सोसत नाहीं, तर गोळीचें रूप बदलावें; औषध सोडूं नये. पहिल्या महिन्यांत चघळण्याची गोळी किंवा पातळ औषध बरें पडतें. रिकाम्या पोटीं मळमळत असेल, तर थोडें खाऊन घ्यावें. कॅल्शियम सायट्रेट या रूपांत घ्यावें. कार्बोनेटला विरघळण्यास आम्ल लागतें, आणि तेंच येथें कमी असतें. एका वेळीं ५००–६०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम घेऊं नये. लोह व कॅल्शियम यांत निदान दोन तासांचें अंतर असावें, आणि लोहाच्या जोडीला चहा नसावा. लिंबाचें सरबत चालेल. लोह मुळींच सोसलें नाहीं, तर तें शिरेंतून देतां येतें. ब-१२ आपल्याला रोज सुमारे दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतें. हजार मायक्रोग्रॅमची गोळी घेतली, तर कॅसलच्या द्रव्यावांचूनही तिचा शंभरावा हिस्सा शोषिला जातो, आणि तेवढा पुरतो. गोळी नकोच असेल, तर महिन्याला एक टोंचणी पुरते. शाकाहारी घरांतून आणखी एक अडचण येते. पुष्कळ कॅप्सूलांचें वेष्टन प्राणिजन्य जिलेटिनचें असतें. तेथें तसें स्पष्ट सांगून गोळी मागून घ्यावी, मनांत कुढत ती टाकून देऊं नये. मुलांसाठीं मिळणाऱ्या गोड, मऊ वड्या जिभेला आवडतात खऱ्या, पण त्यांत बहुधा लोह नसतें. म्हणून वेष्टनावरील यादी वाचल्यावांचून त्यांवर भिस्त ठेवूं नये.

हे सर्व फेरबदल डॉक्टरांना विचारून करावे आणि पहिल्या वर्षीं त्यांच्या सांगण्याप्रमाणें, पुढें दरसाल, रक्त तपासून घ्यावें. वांति थांबत नसेल, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. घरच्या मंडळींनाही एवढेंच सांगणें आहे: “गोळी घेतलीस का?” या प्रश्नाबरोबर “ती सोसते का?” हाही प्रश्न विचारीत जा. पहिल्या प्रश्नाला माणूस कंटाळून होकार देतो. खरी हकीकत दुसऱ्या प्रश्नानें कळते.