आर्केड कॅबिनेटची विद्युतजोडणी

आर्केड कॅबिनेटची विद्युतजोडणी म्हणजे नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ खेळयंत्राच्या धर्तीवर बांधलेल्या पेटीत घरगुती वीजपुरवठा, खेळ चालविणारा संगणक किंवा सर्किट बोर्ड, नियंत्रणे, पडदा, ध्वनिवर्धक आणि दिवे एकमेकांना जोडण्याची व्यवस्था होय. या जोडणीचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात भिंतीवरील सॉकेटपासून पॉवर सप्लायपर्यंतचा धोकादायक दाबाचा पुरवठा येतो, तर दुसऱ्यात ५ व १२ व्होल्टचा एकदिश पुरवठा आणि नियंत्रणांच्या संकेततारा येतात. हे दोन्ही भाग पेटीत एकमेकांपासून दूर ठेवतात.

## पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काळात प्रत्येक उत्पादकाची जोडणी वेगळी असल्याने खेळ बदलताना पेटीतील तारा पुन्हा जोडाव्या लागत. १९८५ पासून रूढ झालेल्या 'जॅमा' मानकामुळे ही अडचण दूर झाली. जपानमधील खेळयंत्र उत्पादकांच्या संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे. १९९७ मध्ये 'मेम' हे अनुकरण-सॉफ्टवेअर प्रसिद्ध झाले. त्यामुळे जुने खेळ साध्या संगणकावर चालविणे शक्य झाले आणि घरी पेटी बांधण्याचा छंद वाढला. आधुनिक घरगुती पेटीत बहुधा वैयक्तिक संगणक किंवा रास्पबेरी पाय हा लघुसंगणक असतो. मूळ बोर्ड वापरणारे छांदिष्ट मात्र आजही जॅमा जोडणीच ठेवतात.

## मुख्य वीजपुरवठा

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. जपानमध्ये तो १०० व्होल्टचा, तर अमेरिकेत १२० व्होल्टचा आहे. त्यामुळे त्या देशांतून आणलेली पेटी भारतात थेट जोडल्यास तिचा पॉवर सप्लाय व मॉनिटर जळू शकतात. अशा पेटीसाठी योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो.

पुरवठा पेटीत आणण्यासाठी फ्यूज व स्विच अंगभूत असलेले थ्री-पिन सॉकेट मागील बाजूस बसवतात. फ्यूज आणि एकध्रुवी स्विच नेहमी फेजच्या तारेवरच असावे लागतात. ते न्यूट्रलवर बसविल्यास स्विच बंद असतानाही आतील भागांत पूर्ण दाब राहतो. लवचिक वायरमध्ये तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. पॉवर सप्लायचे धातूचे आवरण, धातूचे नियंत्रण-फलक व नाण्याचे दार अर्थिंगला जोडतात. फेजची तार सुटून धातूला टेकल्यास अर्थिंगमुळे मोठा प्रवाह वाहून फ्यूज जातो. अर्थिंग नसल्यास तोच दाब खेळणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचतो.

फ्यूजची निवड एकूण भारावरून होते. उदाहरणार्थ, संगणक, पडदा व दिवे मिळून १५० वॅट घेत असतील, तर २३० व्होल्टवर साधारण ०.६५ अँपिअर प्रवाह लागतो. पॉवर सप्लाय चालू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, म्हणून थोड्या अधिक क्षमतेचा, उशिरा वितळणारा फ्यूज वापरतात.

## एकदिश पुरवठा

स्विचिंग पॉवर सप्लाय मुख्य पुरवठ्यापासून ५ व १२ व्होल्ट तयार करतो. टीटीएल चिप वापरणाऱ्या जुन्या बोर्डांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट इतकाच दाब चालतो. तारेतील रोधामुळे दाबात घट होते: ४ अँपिअर प्रवाहास ०.०५ ओहम रोध मिळाल्यास ०.२ व्होल्ट कमी होतात. त्यामुळे दाब पॉवर सप्लायपाशी न मोजता बोर्ड चालू असताना प्रत्यक्ष बोर्डवर मोजतात आणि त्यानुसार जुळवतात. पुरवठ्याच्या तारा संकेततारांपेक्षा जाड घेतात.

रास्पबेरी पाय ४ साठी ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीतील एक दिवा पूर्ण पांढऱ्या प्रकाशात सुमारे ६० मिलिअँपिअर घेऊ शकतो, म्हणजे ६० दिव्यांना ३.६ अँपिअर लागतात. म्हणून अशा पट्टीस स्वतंत्र पुरवठा देतात. वेगवेगळ्या पुरवठ्यांवरील भागांमध्ये संकेत जाणार असतील, तर त्यांच्या ऋण बाजू एकत्र जोडतात. धन बाजू मात्र एकमेकींना जोडत नाहीत.

## नियंत्रणांची जोडणी

प्रत्येक बटणात एक मायक्रोस्विच असतो. त्याचे एक टोक सामाईक ग्राउंडला आणि सामान्यतः उघडे राहणारे टोक यूएसबी एन्कोडरला जोडतात. बटण दाबल्यावर निवेश ग्राउंडला टेकतो आणि एन्कोडर ती कृती संगणकास कळवितो. सर्व बटणांचे ग्राउंड साखळीप्रमाणे एकाच तारेने जोडता येतात, परंतु साखळी मध्ये तुटल्यास पुढील सर्व बटणे बंद पडतात. शेवटचे टोकही ग्राउंडला परत आणून वलय पूर्ण केल्यास हा दोष टळतो.

## जॅमा जोडणी

जॅमा जोडणीत बोर्डच्या कडेवर ५६ संपर्क असतात, प्रत्येक बाजूस २८. त्यांच्यातील अंतर ३.९६ मिलिमीटर असते. प्रमुख संपर्क पुढीलप्रमाणे आहेत:

| स्थान | सुटे भाग असलेली बाजू | डाग दिलेली बाजू |
|---|---|---|
| १, २ | ग्राउंड | ग्राउंड |
| ३, ४ | +५ व्होल्ट | +५ व्होल्ट |
| ५ | −५ व्होल्ट | −५ व्होल्ट |
| ६ | +१२ व्होल्ट | +१२ व्होल्ट |
| ७ | खाच | खाच |
| १२ | लाल | हिरवा |
| १३ | निळा | सिंक |
| १६ | नाणे, खेळाडू १ | नाणे, खेळाडू २ |
| १७ | प्रारंभ, खेळाडू १ | प्रारंभ, खेळाडू २ |
| १८–२१ | वर, खाली, डावे, उजवे | वर, खाली, डावे, उजवे |
| २२–२४ | बटण १ ते ३ | बटण १ ते ३ |
| २७, २८ | ग्राउंड | ग्राउंड |

सातव्या स्थानावरील खाचेमुळे कनेक्टर उलटा बसत नाही. ही खूण नसलेला कनेक्टर उलटा बसल्यास १२ व्होल्टचा पुरवठा दुसऱ्या बटणाच्या निवेशावर जाऊन चिप जळू शकतात. मूळ मानकात प्रत्येक खेळाडूसाठी तीनच बटणे असल्याने १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' सारख्या सहा बटणांच्या खेळांना वेगळा पूरक हार्नेस लागतो.

## सुरक्षितता

जुन्या चित्रनळीच्या मॉनिटरमध्ये २०,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो व वीज बंद केल्यावरही नळीत तो काही काळ टिकू शकतो. अनेक मॉनिटरांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर अनिवार्य असतो, कारण त्यांची चौकट थेट मुख्य पुरवठ्याशी जोडलेली असते. एलसीडी पडद्यात नळीचा धोका नसला, तरी आतील पॉवर सप्लायमध्ये मुख्य पुरवठ्याचा दाब असतो.

पेटीच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्यास गळती होताच पुरवठा तुटतो. मात्र तो अर्थिंगला पर्याय नाही. मुख्य पुरवठ्याचे उघडे स्क्रू झाकणे, तारा आवळून बांधणे आणि पॉवर सप्लायभोवती हवा खेळती ठेवणे आवश्यक असते. काम करण्यापूर्वी केवळ स्विच बंद न करता प्लग काढून ठेवतात. लघुसंगणक बंद करण्याची आज्ञा न देता पुरवठा तोडल्यास मेमरी कार्डवरील माहिती खराब होऊ शकते, त्यामुळे पेटीत स्वतंत्र 'बंद' बटण ठेवण्याची पद्धत आहे.