थांबलेल्या ट्रकचा हिशेब

मी मुलुंडचा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या चेकनाक्यावर एकेकाळी जकात भरायला ट्रकच्या रांगा लागत. 1 जुलै 2017ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. पण त्या रांगेत बसलेल्या ड्रायव्हरचा वेळ कोणाच्या खात्यावर होता?

कागदावर उत्तर होतं. 1961च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने कामाला मर्यादा घातली: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, लांब पल्ल्यासाठी परवानगीने 10 आणि 54. मात्र हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असतील तिथेच लागू होता. एक-दोन ट्रकचा मालक त्यातून सुटायचा. तिथे ड्रायव्हरला खेपेवर पैसे मिळत असतील, तर रांगेतले तास फुकट जातात.

ते भरून काढायचे झोपेतून. घरी पोचायचा दिवसही पुढे ढकलायचा. आणि अशा जागरणानंतर नाशिकहून येताना कसारा घाट उतरायचा! भरलेला ट्रक नुसत्या ब्रेकवर उतरवला तर ब्रेक तापून धरेनासे होतात. खालच्या गिअरात, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखावी लागते. खेपेच्या दरात हे कसब कुठे धरलेलं असतं?

2025मध्ये नव्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं. जीपीएस असेल तर गाडी कुठे, किती मिनिटं थांबली तेही कळतं. म्हणजे थांबलेल्या तासांची नोंद आता ठेवता येते. त्या तासांचे पैसे देणं तेवढं राहिलंय.